कौटुंबिक मालिकेतील कथा आणि संदेश : 'उंच माझा झोका' व 'सावित्रीजोती' यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिका हा आज मराठी समाजातील सर्वाधिक पाहिला जाणारा कथाप्रकार आहे. कादंबरी किंवा नाटक यांच्या वाट्याला न येणारा प्रेक्षक मालिकेला रोज संध्याकाळी लाभतो. अशा मालिकेत सामाजिक वा राजकीय विषय आला की तिच्याविषयी दोन टोकांची मते व्यक्त होतात. एका बाजूला 'ही मालिका नसून प्रचार आहे' असा आक्षेप घेतला जातो, तर दुसऱ्या बाजूला 'विषय महत्त्वाचा आहे, म्हणून मालिका चांगली आहे' असा निर्वाळा दिला जातो. ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही मते मालिकेचा विषय पाहून दिली जातात. त्या विषयाची कथा कशी झाली, याचा विचार दोन्हींत होत नाही.

महाविद्यालयीन पातळीवर साहित्य, समाजशास्त्र, राज्यशास्त्र व माध्यमविद्या अशा अनेक विषयांचे विद्यार्थी प्रकल्पासाठी मालिकांची निवड करतात. त्यांच्या लेखनाचे मूल्यमापन करणाऱ्या प्राध्यापकांजवळ काही निश्चित कसोट्या असणे आवश्यक आहे. कौटुंबिक मालिकेत कथेला प्राधान्य आहे की संदेशाला, हे कशावरून ठरवावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी सातारा-सांगली परिसराशी निगडित असलेल्या दोन चरित्रप्रधान मालिका आधारासाठी घेतल्या आहेत.

दोन मालिका आणि एक भूमी :

पुणे-सातारा महामार्गावर नीरा नदीकाठी वसलेल्या शिरवळपासून काही किलोमीटर अंतरावर, खंडाळा तालुक्यातच नायगाव हे गाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म याच गावी झाला. रमाबाई रानडे यांचे माहेर देवराष्ट्रे येथील. हे गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात मोडते. एकाच भूभागातील या दोन मुली बालवयात विवाहित झाल्या, दोघींनाही पतीने शिकवले आणि दोघींच्याही शिक्षणाला घरातून व समाजातून विरोध झाला.

रमाबाईंच्या जीवनावरील 'उंच माझा झोका' ही मालिका झी मराठी वाहिनीवर २०१२-१३ मध्ये प्रक्षेपित झाली. विरेन प्रधान यांच्या दिग्दर्शनाखालील या मालिकेत बालपणीच्या रमेची भूमिका तेजश्री वालावलकर यांनी, तर पुढील काळातील रमाबाईंची भूमिका स्पृहा जोशी यांनी केली. न्यायमूर्ती रानडे यांच्या भूमिकेत विक्रम गायकवाड होते. 'सावित्रीजोती' ही मालिका सोनी मराठी वाहिनीवर जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तिचे प्रक्षेपण थांबले. तिच्यात अश्विनी कासार व ओंकार गोवर्धन यांनी अनुक्रमे सावित्रीबाई व जोतीराव यांच्या भूमिका केल्या. दोन्ही मालिका सुधारणेच्या इतिहासाशी संबंधित आहेत आणि दोन्हींचा आकृतिबंध कौटुंबिक मालिकेचा आहे. म्हणूनच कथा व संदेश यांच्या संबंधाचा विचार करण्यास त्या उपयुक्त ठरतात.

'हम लोग'चा अनुभव :

संदेश आणि कथा यांचा प्रश्न भारतीय दूरचित्रवाणीवर प्रथम ठळकपणे पुढे आला तो 'हम लोग' या मालिकेच्या वेळी. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांच्या मेक्सिको भेटीतून या मालिकेची कल्पना पुढे आली. मेक्सिकोमध्ये मिगेल साबिदो यांनी कुटुंबनियोजनासारख्या विषयांवर मालिका रचण्याची एक पद्धती विकसित केली होती. इष्ट मूल्याचे आचरण करणारे पात्र, त्याच्या उलट वागणारे पात्र आणि या दोहोंमध्ये हेलकावे खात अखेरीस बदलणारे पात्र, असे पात्रांचे तीन वर्ग या पद्धतीत मानले जातात. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेल्या आणि मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या 'हम लोग'चे १५६ भाग प्रक्षेपित झाले. प्रत्येक भागाच्या शेवटी अभिनेते अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत आणि त्या भागाचे तात्पर्य सांगत.

या मालिकेच्या अभ्यासातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी की, आरंभीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार उघडपणे आला आणि तो प्रेक्षकांना रुचला नाही. त्यानंतर उपदेश सौम्य करण्यात आला, कुटुंबातील माणसांच्या सुखदुःखांना अधिक वाव मिळाला आणि मालिका लोकप्रिय झाली. दुसरी गोष्ट अधिक विचारप्रवर्तक आहे. मुकाट्याने सोसणारी भागवंती ही आई दास्यवृत्तीचे अनिष्ट उदाहरण म्हणून योजलेली होती. परंतु अनेक प्रेक्षकांना, विशेषतः स्त्रियांना, तीच अनुकरणीय वाटली. अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स यांच्या संशोधनात याची नोंद आढळते. कर्त्याच्या मनातील संदेश आणि प्रेक्षकाने घेतलेला अर्थ एकच असतात, असे गृहीत धरता येत नाही, हे यावरून दिसून येते. तात्पर्य सांगण्यासाठी निवेदक पडद्यावर आणावा लागतो, तेव्हा प्रसंगातून ते तात्पर्य आपोआप निघत नाही, याची एक प्रकारे कबुलीच दिली जात असते.

प्राधान्य म्हणजे काय? :

'कथेला प्राधान्य' या शब्दप्रयोगाचा अर्थ अनेकदा 'राजकारण कमी' असा लावला जातो. हा अर्थ टिकणारा नाही. फुले दांपत्याच्या चरित्रातून राजकारण वगळले तर कथाच उरत नाही. १८४८ मधील भिडेवाड्यातील मुलींची शाळा, १८६३ मधील बालहत्या प्रतिबंधक गृह आणि १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद या एकाच वेळी सार्वजनिक आणि घरगुती घटना आहेत. पाणी घरच्या हौदाचे होते. पण ते कोणाला द्यावयाचे, हा प्रश्न समाजव्यवस्थेचा होता.

याच्या उलट, ज्या मालिकेत राजकारणाचा शब्दही उच्चारला जात नाही ती संदेशमुक्त असते, असेही नाही. सुनेने सर्व अपमान गिळून घर सांभाळले म्हणजे शेवटी तिला न्याय मिळतो, ही कथारचना शेकडो भागांतून दाखवली जाते तेव्हा तोही एक संदेशच असतो. मात्र तो प्रेक्षकांच्या परिचयाचा असल्यामुळे संदेश म्हणून ओळखू येत नाही. सबब, प्राधान्याचा प्रश्न राजकीय आशयाच्या प्रमाणावरून सुटत नाही. मालिकेतील माणसे स्वतःच्या गरजेने, स्वभावाने आणि परिस्थितीने वागतात, की आधीच ठरवलेल्या निष्कर्षाकडे नेण्यासाठी त्यांना वागवले जाते, यावर तो अवलंबून असतो. पुढील चार कसोट्या याच भूमिकेतून मांडल्या आहेत.

कसोटी पहिली – कृतीचा उगम :

पात्राची कृती त्या प्रसंगातून उगवली आहे काय, हे प्रथम पाहावे लागते. सावित्रीबाईंनी २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' (१९८८) या ग्रंथात ते समाविष्ट आहे. पंचांग सांगत फिरणारा एक ब्राह्मण तरुण आणि महार समाजातील एक मुलगी यांचे प्रेमसंबंध उघड झाले, तेव्हा गावकरी त्या दोघांना मारून टाकण्यास निघाले. सावित्रीबाई तेथे गेल्या आणि इंग्रज सरकारच्या कायद्याचे भय दाखवून त्यांनी दोघांचे प्राण वाचवले. समतेवरील व्याख्यानाने त्या क्षणी काहीही साधले नसते, हे त्यांना ठाऊक होते. समोरच्या जमावाला जे कळेल तेच त्यांनी वापरले.

असा प्रसंग पडद्यावर लिहिताना दोन मार्ग संभवतात. नायिकेच्या तोंडी दीर्घ भाषण घालून जमाव निरुत्तर झालेला दाखवणे हा एक मार्ग. तिची हुशारी, तिची भीती आणि तिने शोधलेला व्यवहारी उपाय दाखवणे हा दुसरा. पहिल्या मार्गात संदेश ऐकू येतो, परंतु माणूस हरवतो. दुसऱ्या मार्गात सावित्रीबाईंचा मूल्यविचार उणावत नाही, उलट त्याला अंगभूत शहाणपणाची जोड मिळते. संवादातील विचार त्या पात्राने त्या काळी, त्या माणसापुढे खरोखर मांडला असता काय, हा प्रश्न अभ्यासकाने प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगी विचारला पाहिजे.

कसोटी दुसरी – विरोधकाची बाजू :

संदेशप्रधान लेखनात विरोधक बहुधा दुष्ट किंवा मूर्ख असतो. त्याला हरवणे सोपे असल्यामुळे नायकाचा विजयही स्वस्त होतो. सावित्रीबाईंचे १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र या संदर्भात उल्लेखनीय आहे. आजारपणामुळे त्या नायगावी माहेरी आल्या होत्या. त्यांच्या भावाने आजारात त्यांची मनापासून शुश्रूषा केली, याचा उल्लेख पत्रात आहे. हाच भाऊ पुढे त्यांच्या कार्यावर टीका करतो. महार-मांगांसाठी काम केल्यामुळे ती व तिचा पती वाळीत पडले आणि ते योग्यच झाले, असे त्याचे म्हणणे असते. सावित्रीबाई त्याचे म्हणणे खोडून काढतात. भाऊ वरमतो. तरीही लोक बहिणीला त्रास देतात, हे आपल्याला सोसवत नाही, ही त्याची काळजी शिल्लक राहते.

या पत्रातील भाऊ प्रेमळ आहे, कुळाची अब्रू जपणारा आहे आणि चुकीचाही आहे. उशाशी बसून सेवा करणाऱ्या माणसाशीच मतभेद व्हावा, यात कौटुंबिक नाट्याचा गाभा आहे. मालिकेत असा भाऊ खलनायक केला तर संदेश ठळक होईल. परंतु सुधारकाला खरा विरोध परक्यांकडून जितका होतो, तितकाच आपल्या माणसांच्या मायेतूनही होतो, हे सत्य नाहीसे होईल. जोतीरावांचे वडील गोविंदराव यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. सामाजिक दडपणामुळे १८४९ मध्ये त्यांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. मुलाविषयीचे प्रेम आणि बहिष्काराचे भय यांत सापडलेल्या या वृद्धाला कथाकार किती समजून घेतो, यावरून त्याच्या लेखनाची जात ओळखता येते. विरोधकाला समजून घेणे म्हणजे त्याचे समर्थन करणे नव्हे, हा भेद विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे अगत्याचे आहे.

कसोटी तिसरी – न जुळणारी तथ्ये :

चरित्रातील जी तथ्ये संदेशाशी जुळत नाहीत, त्यांचे मालिका काय करते, ही तिसरी कसोटी होय. न्यायमूर्ती रानडे हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. तथापि १८७३ मध्ये प्रथम पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि त्याच वर्षी १०-११ वर्षांच्या रमेशी विवाह केला. सुधारकाच्या चरित्रातील ही अडचणीची जागा आहे. मात्र 'उंच माझा झोका'च्या कथेचा प्रारंभच या विवाहाशी निगडित आहे. जिथे सुधारक आपल्या मताला जागू शकला नाही, तिथूनच रमाबाईंचा प्रवास सुरू होतो. त्यामुळे हे तथ्य वगळणे मालिकेला शक्यच नव्हते. विषयनिवडीतच कथेला अनुकूल असा ताण होता, असे म्हणावे लागेल.

रमाबाईंच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या आत्मकथनात घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा शिक्षणाला असलेला विरोध येतो. १८९० मधील पंचहौद मिशनच्या चहापानानंतर उद्भवलेल्या वादात रानडे यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. या घटनेने अनेक सुधारक नाराज झाले. अशा जागी मालिका घाईने पुढे गेली किंवा नायकाची सफाई देऊ लागली, तर तिला माणसापेक्षा प्रतिमा प्रिय आहे असे समजावे. पतीच्या माघारीकडे पत्नीने कसे पाहिले, या प्रश्नाजवळ ती थांबली, तर ती कथेशी प्रामाणिक आहे असे समजण्यास हरकत नाही.

कसोटी चौथी – परिणामांची स्मृती :

दैनंदिन मालिकेची निर्मितीप्रक्रिया लक्षात घेतल्याशिवाय ही कसोटी नीट लावता येत नाही. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वगळून सुमारे २२ मिनिटांचा भाग रोज द्यावा लागतो. कथा, पटकथा व संवाद ही कामे अनेकदा वेगवेगळ्या व्यक्तींकडे असतात. आगाऊ चित्रित केलेल्या भागांची 'बँक' फार दिवस पुरत नाही आणि दर आठवड्याला येणाऱ्या टीआरपीनुसार कथेचा 'ट्रॅक' बदलतो. या घाईत एखादा सामाजिक विषय चार-सहा भागांपुरता आणला जातो, त्यावर टाळ्या घेणारे संवाद होतात आणि पुढच्या आठवड्यात घरातील सर्व जण तो विषय विसरतात.

कथेत परिणाम शिल्लक राहतो. घर सोडावे लागलेल्या दांपत्याला दुसऱ्या दिवशी चूल कोठे पेटवायची, हा प्रश्न पडतो. फुले दांपत्याला उस्मान शेख यांच्या घरी आश्रय मिळाला, हा इतिहास म्हणजे नुसते ऐक्याचे चित्र नव्हे, तर त्या रात्रीच्या निकडीचे उत्तरही आहे. तत्त्वासाठी पात्राने जी किंमत मोजली ती पन्नास भागांनंतर त्याच्या बोलण्यावागण्यात दिसते काय, हे तपासल्यास संदेश कथेत मुरला आहे की वरून लावलेला आहे, हे समजते. म्हणून विद्यार्थ्यांनी एखाददुसऱ्या गाजलेल्या भागावरून निष्कर्ष काढू नये. सलग काही आठवड्यांचे भाग पाहावेत.

ग्राह्य न धरावयाचे पुरावे :

मूल्यमापनात तीन प्रकारचे पुरावे दिशाभूल करतात. पहिला टीआरपीचा. 'सावित्रीजोती'ला पुरेसा टीआरपी मिळत नसल्याने ती बंद होत असल्याचे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा समाजाच्या उदासीनतेविषयी खेद व्यक्त झाला. त्या वर्षी मार्चपासून करोना साथीमुळे काही महिने चित्रीकरण थांबले होते. शिवाय प्रक्षेपणाची वेळ, वाहिनीचा प्रसार आणि समोरच्या मालिकेची लोकप्रियता यांचाही टीआरपीवर परिणाम होत असतो. मालिका बंद पडली, यावरून प्रेक्षकांनी फुल्यांचा विचार नाकारला असे सिद्ध होत नाही किंवा मालिका प्रचारकी होती असेही सिद्ध होत नाही.

दुसरा पुरावा मालिकेबाहेरील वादाचा. सातारा परिसरात चित्रित होणाऱ्या 'मुलगी झाली हो' या स्टार प्रवाहवरील मालिकेतून जानेवारी २०२२ मध्ये एका अभिनेत्याला दूर करण्यात आले. राजकीय मते मांडल्यामुळे ही कारवाई झाली असे त्याचे म्हणणे होते, तर सहकलाकारांशी, विशेषतः स्त्री कलाकारांशी असलेली वागणूक हे कारण वाहिनीने दिले. नको असलेल्या मुलीची कथा सांगणाऱ्या या मालिकेकडे त्यानंतर अनेक जण त्या वादाच्या चष्म्यातून पाहू लागले. परंतु कलाकाराची मते किंवा वाहिनीचा निर्णय हा मालिकेच्या संहितेचा गुण वा दोष नव्हे. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

तिसरा पुरावा म्हणजे अभ्यासकाची स्वतःची सहमती. आपल्याला मान्य असलेला विचार मालिकेत आला की तो 'कथेच्या ओघात आला' असे वाटते आणि अमान्य विचार आला की तो 'घुसडला' असे वाटते. यावर एक साधा उपाय आहे. प्रसंगातील विचार उलट केला आणि बाकीची रचना तशीच ठेवली, तर आपला निर्णय तोच राहील काय, असे विद्यार्थ्याला लिहून काढावयास सांगावे. निर्णय बदलत असेल, तर मूल्यमापन कथेचे न होता विचाराचे झाले, असे समजावे.

निष्कर्ष :

१. राजकीय विषयाची उपस्थिती हा प्रचाराचा पुरावा नाही आणि तिचा अभाव हा निर्मळ कथेचा पुरावा नाही.

२. कृतीचा उगम, विरोधकाची बाजू, न जुळणारी तथ्ये आणि परिणामांची स्मृती या चार कसोट्यांच्या आधारे कथेचे प्राधान्य तपासता येते. या कसोट्या कोणत्याही विचारसरणीच्या मालिकेला सारख्याच लागू पडतात.

३. टीआरपी, मालिकेबाहेरील वाद आणि अभ्यासकाची सहमती-असहमती यांना संहितेच्या वाचनाची जागा देता येत नाही.

४. प्रेक्षकांनी घेतलेला अर्थ कर्त्याच्या हेतूहून वेगळा असू शकतो. म्हणून संहितेच्या अभ्यासाला प्रेक्षकांच्या मुलाखतींची जोड देणे इष्ट ठरते.

या प्रश्नाचे महत्त्व मालिकांपुरते मर्यादित नाही. दरवर्षी ३ जानेवारीला नायगावी अभिवादनासाठी मोठा समुदाय जमतो आणि त्यात शाळा-महाविद्यालयांतील मुलींचाही समावेश असतो. सावित्रीबाई त्यांच्यापुढे केवळ निर्दोष मूर्ती म्हणून आल्या तर त्या वंदनीय ठरतील, पण अनुकरणीय ठरणार नाहीत. शुश्रूषा करणाऱ्या भावाशी वाद घालताना जी अडचण त्यांना जाणवली असेल, ती शिक्षणासाठी किंवा स्वतःच्या पसंतीच्या विवाहासाठी घरच्यांशी बोलू पाहणाऱ्या आजच्या मुलीलाही परकी नाही. ती अडचण दाखवण्याचे सामर्थ्य कथेत आहे, आणि ती दाखवली गेली तर संदेश वेगळा सांगावा लागत नाही. शिरवळ-खंडाळा परिसरातील महाविद्यालयांना सावित्रीबाईंची नायगावची पत्रे आणि त्यांच्यावरील मालिका शेजारी ठेवून असा अभ्यास सहज हाती घेता येईल.